शाळेतली की आईची?

नोकरीच्या परीक्षेला आलेला प्रत्येक जण दुसऱ्याच्याच नावावर पेपर द्यायला आलाय, अशा नजरेने फाटकावरचा रखवालदार ओळखपत्रं बघत होता. रांगेतला चष्मेवाला कान टवकारून ऐकत होता. त्याच्या पुढे एक बाई होती.

“हा फोटो तुमचा? वाटत नाही.”

“केस कापलेत हो.”

“जन्मतारीख बोला.”

“अं... शाळेतली सांगू की आईची?”

“म्हणजे?”

“शाळेत घालताना वडिलांनी अंदाजे ठोकून दिली. आई म्हणते, मी थंडीतली.”

“जा आत. डमी असता तर धडाधड पाठ म्हणून दाखवली असती.”

चष्मेवाला पुढे सरकला.

“फोटोत चष्मा नाही.”

“हल्लीच लागला.”

“जन्मतारीख?”

“अं... शाळेतली सांगू की आईची?”

“अरे वा! तुमच्याही दोन?”

“हो ना, वडिलांनी अंदाजे ठोकून दिली.”

“मग आईची सांगा.”

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

“सांगा की! मागे माणसं खोळंबलीत.”

“थंडीतलाच... मीपण.”

रखवालदाराने हातातलं ओळखपत्र खिशात टाकलं आणि फाटक लावून घेतलं.