कान नसलेली जीप

नवी गाडी घेतली म्हणता, तं आमच्या काकाच्या जीपचं ऐका. कापसाले भाव नव्हता त्या साली काकानं बैलजोडी विकली अन् सवारी वाहाले जुनी जीप घेतली. आर्णीचे रफिक मिस्त्री बाजूले बसून शिकवत घरापर्यंत आले. काकू आरतीचं ताट घेऊन अंगणात उभी. पण जीप काही थांबेना. काका स्टेअरिंग कासऱ्यासारखं छातीकडं ओढून ओरडून राह्यला, "होऽ, होऽऽ, थांब ना बापा."

मिस्त्री म्हणे, "चाचा, इसको कान नै है, ब्रेक दबाव."

तोवर जीप अंगणात पडून असलेल्या कापसाच्या गंजीत घुसली. आमचा तं जीवच गेलता. कापूस उपसला, तं दोघंही भुतावानी पांढरे होऊन बाहेर आले. कोणाले खरचटलंही नव्हतं.

काकूनं पहिले त्या गंजीले ओवाळलं. म्हणे, "यंदा कापूस कोणाच्या तरी कामी आला, बाई."