मागं नेता येणारे गुरुजी

सुपेल्याच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहताना आजूबाजूच्या हिंदीत पाठीमागून मराठी ऐकू आलं आणि शीलाताईंचे कान टवकारले. एक बाई नवऱ्याशेजारी बसून मोबाइलवर गणिताचा व्हिडिओ पाहत होती.

“रुक्मा, किती वेळ तेच तेच पाहून राहिली?”

“समजत नाही तोवर.”

“प्लांटमंदी लोक हासतात. म्हणतात, या वयात बायको दहावी करून राहिली.”

“हासू द्या. नववीत दुसऱ्यांदा विचारलं, त गुरुजीनं मले वर्गाबाहेर उभं केलं. मंग मी शाळेतच गेलो नाही.”

“हे तू कधी सांगितलं नाही.”

“तुमी कधी विचारलं नाही. या गुरुजीले बोटानं मागं नेलं, का पुन्हा पहिल्यापासून सांगते. रागावत नाही.”

शीलाताईंचा नंबर आला. त्यांनी आपल्या शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला पुढे जायला सांगितलं.

“एक इयरफोन मले दे,” मागे रुक्माचा नवरा म्हणाला.

“तुमाले कायले?”

“पाहतो न. हा एक्स कुठून आला?”

“मागं नेऊ?”

“राहू दे. तूच सांग.”

रुक्मानं व्हिडिओ थांबवला.

“असं पाहा, तुमच्या मनात काय आहे ते मले मालूम नाही. पण काहीतरी आहे, हे पक्कं. त्यालेच एक्स म्हणायचं.”