खुर्चीच्या पायांचे दहा पट्टे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन माननीय जयसिंगराव शितोळे, वाघोलीच्या डिझाइन कॉलेजातून मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे माननीय उत्तरेश्वर माने सर, सत्कारमूर्ती श्रीमती मुक्ताई पांचाळ, त्यांना न्यायला सांगलीहून आलेले चिरंजीव संजयराव, आणि खाली टेम्पोवाला घाई करत असतानाही शांत बसलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, आपणा सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

व्यासपीठावर मुक्ताईंच्या डाव्या हाताला एक खुर्ची रिकामी आहे. कुणी पाहुणे यायचे राहिलेत असं समजू नये. तिच्यावर बसू नका अशी विनंती मी सकाळीच केली होती. का, ते पुढे येईलच.

मी शर्मिला ओव्हाळ, मुक्ताईंच्या बरोब्बर खालच्या फ्लॅटमध्ये राहते. शिक्षण मॅट्रिक. महिला मंडळाची खजिनदार असल्यामुळे मला हिशेबाची सवय आहे, भाषणाची नाही. म्हणून हिशेबापासूनच सुरुवात करते.

सांगलीला संजयरावांचं घर दोन खोल्यांचं. त्यामुळे मुक्ताईंनी गेल्या महिन्यात इथलं सामान वाटलं. फुकट काही दिलं नाही. "फुकट मिळालेली वस्तू माणूस गच्चीवर टाकतो," असं त्यांचं म्हणणं, आणि आपल्या गच्चीकडे पाहिलं तर ते पटतं. तर काय आलं आणि कितीला आलं? जेवणाचं टेबल एक, त्याचे चार पाय चार तऱ्हांचे, एक चेंडू, एक देवळाचा खांब, एक जिना, एक पेन्सिल. ते क्लबहाउसला, पाचशे एक रुपये. चहाची किटली एक, तोटी हत्तीच्या सोंडेसारखी, मूठ शिडीसारखी. ती चेअरमनसाहेबांकडे, एक्कावन्न रुपये. तिच्यातला चहा अजून कुणाच्या नशिबी आलेला नाही. कप चार, कान त्रिकोणी, त्यात कुणाचंही बोट मावत नाही, दर कपाला अकरा. कप मुळात सहा होते, दोन त्यांनी स्वतःला ठेवले. आणि खुर्ची एक. पाठ ढगाच्या आकाराची, पायांवर रंगीत सनमायकाचे आडवे पट्टे. ती माझ्याकडे आली. मुक्ताईंनी एकशे एक सांगितले होते, मी पंचाहत्तरला आणली.

आज ते सव्वीस रुपये घशात अडकलेत.

हे सगळं सामान मुक्ताईंचे दिवंगत यजमान यज्ञेश्वर पांचाळ यांनी स्वतःच्या हातांनी केलेलं. कप-किटलीचे आकार काढून कुंभाराकडून भाजून आणले, बाकी लाकूडकाम घरात. मी त्यांना पाहिलेलं नाही. ते पंधरा वर्षांपूर्वी गेले, मुक्ताई इथे आल्या त्याला बारा वर्षं झाली. माने सरांनी आत्ताच फार सुंदर समजावून सांगितलं, की ऐंशीच्या दशकात जगभर असं सामान निघालं, त्याला पोस्टमॉडर्न म्हणतात, आणि त्यात वस्तू आपल्याच कामाची थट्टा करते. खांब काही पेलत नाही, जिना कुठे जात नाही. खुर्चीच्या पायांचे पट्टे कुठे जाड कुठे बारीक आहेत, तीही जुन्या देवळांच्या खांबांची केलेली गंमत आहे, असं सर म्हणाले. सर, आपण शिकलेले आहात. टेबलाबद्दल आणि किटलीबद्दल मी आपलं शंभर टक्के मान्य करते.

खुर्चीबद्दल मात्र मला बोलायचं आहे.

मुक्ताईंना गेली नऊ वर्षं काहीही ऐकू येत नाही. दाराला घंटीऐवजी दिवा आहे. व्हिडिओ कॉल लावला तर त्या नुसत्या हसतात आणि फोन उलटा ठेवतात. म्हणून हे भाषण मी सुवाच्य अक्षरात लिहून त्याची एक प्रत त्यांच्या हातात दिली आहे. त्या वाचतातच आहेत. माझं दुसरं पान चालू आहे, त्या तिसऱ्यावर गेल्या. त्यांचा वाचनाचा वेग पाहता मला आता मागे फिरता येणार नाही.

बारा वर्षं मी दर गुरुवारी दुपारी त्यांच्याकडे चहाला जात होते. आम्ही दोघी, आणि टेबलावर कप तीन. तिसरा त्या पट्ट्यांच्या खुर्चीसमोर. तिच्यावर कुणी बसायचं नाही. चहा गार झाला की तो मुक्ताईच पिऊन टाकायच्या. वाया जात नव्हता, म्हणून मी कधी काही विचारलं नाही. भिंतीवर एका लहान मुलीचा फोटो होता. राधा, त्यांची थोरली. आठव्या वर्षी काविळीने गेली, तेव्हा संजयराव तीन वर्षांचे होते. एवढं मला माहीत होतं.

खुर्ची देताना मुक्ताई म्हणाल्या, "तुलाच देते. बारा वर्षांत तुझ्या घरातून एकही खोटा शब्द ऐकला नाही." मी पाटीवर लिहिलं, "तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून असेल." त्यावर त्या खूप हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "वापर. पण आहे तशी वापर."

मी ती आहे तशी वापरली नाही.

खुर्ची माझ्या टेबलाला उंच होत होती. माझी उंची आपण बघताच आहात, बसलं की पाय लोंबायचे. टेबल नवीन घ्यायचं की खुर्ची इंचभर कमी करायची? माझ्यासारख्या बाईला यात विचार कसला पडणार? आमच्याकडे तीस वर्षं पलंग-पाटाचं काम करणारे अल्लाबक्षभाई जुन्या बाजाराकडून येतात, त्यांना बोलावलं. ते मागच्या रांगेत बसलेत. त्यांनी खुर्ची उलटी केली आणि एकेका पट्ट्याच्या सांध्यावरून नख फिरवलं.

"भाभी, हिला हात लावू नका."

"का? वाळवी आहे?"

"वाळवी असती तर बरं झालं असतं. ही खुर्ची एकदा बनवलेली नाही. मूळ खुर्ची लहान पोराची आहे. खालून एकेक पट्टा जोडत आणलाय. हा सरस जुना, हा वेगळा, इथून पुढे फेविकॉल. दरेक पट्टा वेगळ्या साली लावलाय. दहा आहेत. ज्याने केलं त्याने पाय वाढवलेत, भाभी. वाढवलेले पाय कापू नयेत."

मी म्हटलं, "अल्लाबक्षभाई, तुम्हाला बोलायचे पैसे देत नाही मी."

हे माझे शब्द. त्यांनी करवत पिशवीत परत ठेवली. पटाशीने सांधे उकलून प्रत्येक पायाचे खालचे तीन पट्टे अख्खे सोडवले. बारा तुकडे फडक्यात बांधून माझ्या ओट्यावर ठेवले, मजुरी घेतली नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. ते गेल्यावर मी फडकं सोडलं. तुकड्यांच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं. २३ जुलै १९९६, सोळा. २३ जुलै १९९७, सतरा. २३ जुलै १९९८, अठरा.

आपल्याकडे मुलांची उंची वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर रेघ मारून मोजतात. सर, या पट्ट्यांतली गंमत तेवढीच आहे. मुलगी गेली, पण बापाने मोजणं थांबवलं नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी मुली झपाट्याने वाढतात, म्हणून ते पट्टे जाड. सोळानंतर वाढ कमी, म्हणून शेवटचे पातळ. अठराव्याला तर नुसती सनमायकाची चकती. त्यानंतर मुलगी वाढत नाही, म्हणून पट्टा नाही.

मुक्ताईंनी चष्मा काढला. म्हणजे त्या तिथे पोचल्या. आता मला वर बघायचं धाडस होत नाही, मी कागदाकडे बघूनच वाचते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मुक्ताई माझ्या दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. खुर्ची स्वयंपाकघरात होती, दारातून ती दिसत नाही. म्हणाल्या, "शर्मिला, राधा कालपासून मला उलट का बोलते आहे? पंधराव्या वर्षी बोलायची तशी?"

बंधूंनो आणि भगिनींनो, राधा आठव्या वर्षी गेली. तिचं पंधरावं वर्ष कुणी ऐकलं? आणि ज्या बाईला दारावर थाप मारलेली ऐकू येत नाही, तिला खालच्या मजल्यावरून काय ऐकू येत होतं?

मी पाटी घेतली आणि लिहिलं, "खुर्ची आहे तशीच आहे." त्यांनी ते वाचलं. माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या, आणि जिना चढून गेल्या.

मी रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणते. एक दिवस चुकवत नाही. चौथं शील म्हणजे खोटं बोलणार नाही. त्या दिवसापासून मी "मुसावादा वेरमणी" म्हटलं, की स्वयंपाकघरात फरशीवर खुर्चीचे पाय घासल्याचा आवाज यायचा. वयात आलेली मुलगी ताटावरून तणतणत उठते, तसा. जाऊन बघावं तर खुर्ची टेबलापासून हातभर मागे. मी ती आत सरकवून ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या यजमानांना विचारलं, "अहो, तुम्ही ओढता का?" ते म्हणाले, "मी कशाला ओढू? तिच्यावर बसलो की कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटतं. मी आठ दिवस उभ्यानेच चहा पितोय, तुझं लक्ष कुठे आहे?"

आमच्या धम्मात आत्मा नाही. मी ते मानत आले आणि आजही मानते. पण माझ्या फरशीवर चार ओरखडे आहेत, आणि ते मी सोड्याने घासूनही निघालेले नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा मेळ कसा घालायचा, ते मॅट्रिकपर्यंत शिकवलेलं नाही.

नवव्या दिवशी मी अल्लाबक्षभाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली. त्यांच्या पत्नी शहजादीभाभी तेवढ्या म्हणाल्या, "आलात? हे रोज म्हणत होते, आज येतील, आज येतील." त्याच दुपारी त्यांनी बारा तुकडे होते त्या जागी बसवले. पट्टे पुन्हा दहा झाले. त्यानंतर खुर्ची हललेली नाही. पण माने सर गेल्या महिन्यात वाटपाआधी सामान बघायला आले होते तेव्हाची तिची उंची त्यांच्या वहीत लिहिलेली आहे, आणि कार्यक्रमाआधी त्यांनी टेप लावला तेव्हा ती एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त भरली. सरांनी दोनदा मोजली. मी अल्लाबक्षभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, "चिकटवण्यात सूतभर फरक पडतो." मग हळूच म्हणाले, "माझ्या हातून आजवर पडलेला नाही."

मुक्ताई, लपवून ठेवलं असतं तर कुणाला कळलं नसतं असं म्हणणार होते. पण तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही माझ्या तोंडून येण्याची वाट बघत होतात. तर आता सर्वांसमक्ष सांगते. मी तुमच्या मुलीची तीन वर्षं कापली, आणि वर तुमच्याशी खोटं बोलले. ही तुमच्या शेजारची रिकामी खुर्ची मी परत करते आहे. पंचाहत्तर रुपये नकोत. टेम्पोत जागा आहे असं संजयराव म्हणालेत, सूनबाईंनीही हो म्हटलं आहे. मला क्षमा करावी, एवढं मागण्यासाठी मी आज उभी...

थांबा. मुक्ताई काही म्हणतात.

माइक द्यायची गरज नाही, सगळ्यांना ऐकू आलं असेल. तरी मागच्या रांगेसाठी सांगते. त्या म्हणाल्या, "क्षमा केली. आता आटप, शर्मिला. ती कंटाळली आहे."

आटपते.

अध्यक्षमहाराजांनी एवढा वेळ दिला, माने सरांनी सामान प्रदर्शनाला मागायचं ठरवून आल्यावरही खुर्चीचं नाव काढलं नाही, अल्लाबक्षभाईंनी माझे शब्द मनावर घेतले नाहीत, त्या सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घालावं. मुक्ताई, शाल नाजूक आहे, घरी धुवावी, बाहेर देऊ नये.

शेवटची एक विनंती, ती तुमच्या प्रतीत शेवटच्या पानावर आहे. तुमच्या पिशवीत माझा पत्ता लिहिलेलं एक पोस्टकार्ड ठेवलं आहे. आपल्याकडे निरोप घेताना "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात, आणि पोचल्याची खबर द्यायची असते. खुर्ची टेम्पोत चढेल ते मी डोळ्यांनी बघेन. पण खुर्ची गेली म्हणजे सगळं गेलं, असं आता मला म्हणता येत नाही. माझ्या स्वयंपाकघरात ती नऊ दिवस रागावून होती. रुसलेली मुलं कुठे बसून राहतील, याचा नेम नसतो.

म्हणून उलट टपाली फक्त एक आकडा लिहून पाठवा. सांगलीला पहिल्या दुपारी तुम्ही त्या त्रिकोणी कानांच्या कपांतले किती कप टेबलावर मांडलेत, तेवढाच. दोन असतील तर मी कार्ड जपून ठेवीन. एक असेल, तर तेही न लपवता कळवा. गुरुवारी तिसऱ्या प्रहरी आता माझ्याकडे चहा होईलच, मी इथे एक कप जास्त मांडीन. आणि गार झाला तरी वाया जाऊ देणार नाही.

जय भीम.