कुणीच न बघितलेली फायनल

...आणि पेपरात काय आलं? शाल! तुम्हाला सांगतो, शाल आली, श्रीफळ आलं, शाल देणाऱ्याचं नाव आलं, घेणाऱ्याचं आलं, ज्या तबकात शाल होती ते तबक धरणाऱ्याचं पण आलं, आणि खाली, अगदी शेवटाला, भिंग घेऊन बसाल तेव्हा दिसेल एवढ्या अक्षरात... 'मुष्टियुद्ध स्पर्धा उत्साहात पार पडल्या.' खलास! अरे, पण जिंकलं कोण? हरलं कोण? आमच्या काळबादेवी गावच्या दर्शनानं, सतरा वर्षांच्या पोरीनं, गेल्या वर्षीच्या जिल्हा चॅम्पियनला पाडलं, आधी स्वतः पडून, परत उठून पाडलं, आणि ती मॅच कुणी बघितली? कुणी नाय!

मी? मी पण नाय हो! असे काय बघता माझ्याकडे? सांगतो ना... पण माझं सोडा, हौसावहिनीचं ऐका.

हौसा म्हणजे दर्शनाची आवस, आई तिची. बाजारात मासळी विकते. आणि मॅच होती रविवारी! आता कोकणातल्या माणसाला रविवार म्हणजे काय ते सांगायला नको, रविवारी मासळीवालीनं पाटी उपडी ठेवायची म्हणजे चेष्टा नव्हे. पण हौसानं ठेवली. का? तर तिला व्हिडिओ काढायचा होता. तुम्ही म्हणाल, तो काय कोणीपण काढतो. हां, पण ह्या व्हिडिओवर पोरीचं सगळं अडलेलं होतं!

त्याचं असं, की भागोजी, म्हणजे हौसाचा नवरा, मच्छीमारी बोटीवर तांडेल. पाच-सहा खलाशांवर हुकूम चालवतो, आठ-आठ दिवस समुद्रात असतो, वादळाला भीत नाय, पण लेकीच्या बॉक्सिंगला भितो. "नाक मोडलं तर? दात पडला तर? उद्या पोरीकडे बघणार कोण?" जिंकली तर राज्य स्पर्धेला पुण्याला जायचं, आणि त्या कागदावर बापसाची सही लागते. दर्शनाच्या स्वरूपसरांनी परोपरीनं समजावलं. तर भागोजी म्हणतो, "तू तिचा सर, तू चांगलंच सांगणार. माका माझ्या डोळ्यांनी बघू दे ती कशी खेळते, मग सही." आणि गेला बोट घेऊन! आता समुद्रातून बघणार कसा? म्हणून व्हिडिओ. सही पाहिजे तर व्हिडिओ पाहिजे, एवढी सरळ गोष्ट.

तर मिरजोळ्याच्या एका शेडमध्ये रिंग बांधलेली. पत्र्याची शेड, मे महिना, आत माणूस उकडून निघतोय. सकाळी दहाची फायनल. साडेदहा झाले, बारा झाले, पाहुणे आले नायत. एक वाजला... पोरी आपल्या उपाशी, वजन केल्यापासून केळ्यावर, हाताला पट्ट्या बांधून बसलेल्या. आणि दीड वाजता गाडी आली! माइकवाला ओरडतोय, "सर्वांनी बाहेर मंडपात यावं, सर्वांनी बाहेर मंडपात यावं, आतमध्ये कोणी थांबू नये!" झालं! खेळाडूंचे नातेवाईक बाहेर, फोटोग्राफर बाहेर, पेपरवाला सगळ्यांच्या आधी बाहेर. मंडपात पंखे होते हो... आणि कोकम सरबत. मी माणूस आहे की नाय?

इकडे पंच घड्याळ बघतायत. त्यांना संध्याकाळची गाडी. ते म्हणाले, भाषणं होईपर्यंत फायनल उरकून घेऊ. उरकून! फायनल! म्हणजे शेडमध्ये उरलं कोण? पंच, दोन पोरी, दोघींचे सर आणि एकटी हौसा. बाकी रिकाम्या खुर्च्या!

आता फोन. रिंगमध्ये जायच्या आधी दर्शनानं हातमोजे गळ्यात अडकवून स्वतःचा एक फोटो काढला आणि फोन आवशीच्या हातात दिला, "आये, हे लाल बटण दाब. बाकी कशाला हात लावू नको." हौसानं दाबलं. फोनमध्ये तिला स्वतःचं तोंड दिसलं. तुम्ही-आम्ही म्हटलं असतं, अगं बाई, हे उलटं झालं. पण हौसाला फोन माहीत कशासाठी? बोट रेंजमध्ये आली की भागोजीशी बोलायला! दोन्ही हातांनी फोन तोंडासमोर धरायचा, "दिसतंय काय हो?" "दिसतंय." "जेवलात काय हो?" "जेवलो..." की गेली रेंज. एवढाच तिचा आणि फोनचा संबंध. फोनमध्ये आपलं तोंड दिसतंय म्हणजे फोन ठीक चाललाय, हे तिचं पक्कं. धरला तोंडासमोर, आणि वरून बघत बसली रिंगकडे!

तीन राउंड, मधली विश्रांती धरून अकरा मिनिटं. आणि मॅच कशी झाली? मला काय विचारता? मी सरबत पीत होतो! मॅच कुणी बघितली? कुणी नाय!

फक्त शेवटी पंचांनी दर्शनाचा हात वर केला, आणि त्याच क्षणाला बाहेर मंडपात टाळ्यांचा कडकडाट. शालीसाठी हो! पण हौसाला वाटलं लेकीसाठी. तिनं त्या रिकाम्या खुर्च्यांकडे वळून, दारापलीकडच्या मंडपाला, मनापासून हात जोडले. हे मला स्वरूपसरांनी सांगितलं. तिला अजून कोणी सांगितलेलं नाय, तुम्हीपण सांगू नका, तुम्हाला शपथ आहे.

पाच दिवसांनी बोट लागली. भागोजी घरी आला, आंघोळ केली, चहा घेतला, म्हणाला, "दाखव." फोन पाण्याच्या कळशीला टेकवून ठेवला. शेजारचे आम्ही सगळे जमलो, मी पुढेच बसलो, म्हटलं आपली चूक भरून काढू. दर्शनानं लावलं... आणि हौसा! कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसती हौसा!

"आये, हे काय केलंस गो!" दर्शना रडायला आली. हौसाचं तोंड उतरलं. पाटी उपडी ठेवली, उपाशी बसली, आणि आपल्याच हातानं पोरीचं पुणं घालवलं, असं तिला झालं. बंद करायला पुढे गेली, तर भागोजीनं हात धरला. "ऱ्हवूं दे. चालू दे."

आणि बघतोय! घंटा वाजली. हौसा डोळे बारीक करते. "हात वर घे गो... वर घे... वर घे म्हणत्ये ना!" धप्प असा आवाज, हौसाचा एक डोळा मिटतो. "मेल्ये, माझ्या बायला मारतंस? थांब!" दुसऱ्या राउंडला मोठ्ठा धप्प, आणि हौसा गप्प. पंचांचा आवाज येतोय, एक... दोन... आणि हिचे नुसते ओठ हलतायत, तीन... चार... इकडे घरात कोणाचातरी सुपारीवरचा अडकित्ता थांबला. भागोजी गुडघ्यांवर आलेला, तोपण मोजतोय! पाच... सहा... आणि हौसाच्या तोंडावर असं काय आलं, की बाहेर पडवीतून डोकावून बघणारा म्हातारा बाबल्या ओरडला, "उठली रे!"

तिसऱ्या राउंडला फोन हलतोय, कधी पत्रे दिसतात, कधी हौसाची नाकातली फुली, आणि आवाज तर असा, की बाजारात पापलेट विकताना पण एवढा लावत नाय. "डावीकडनं! डावीकडनं हाण! पडली! पडली गो ती! माझी बाय ती!" मग घंटा, मग नुसती हौसा, हसते पण आणि डोळ्यांतून पाणी पण, आणि पदराला हात पोचत नाय, कारण दोन्ही हातात फोन.

व्हिडिओ संपला. भागोजीनं डोळे पुसले, सरळ पुसले, लपवले नाय. म्हणाला, "लग्नाला वीस वर्षं झाली, पण हिला इतकी भिताना आणि इतकी हसताना मी कधी बघितली नाय. समुद्रात असतो ना मी." आणि दर्शनाला म्हणाला, "कागद आण." केली सही!

आम्ही टाळ्या वाजवल्या. ह्या खेपेला खऱ्या. मी लगेच पुढे झालो, म्हटलं, भागोजी, पुण्याला मी येतो, चांगला फोन घेऊन येतो, सगळी मॅच नीट काढतो, गावाला दाखवू, पेपरवाल्याच्या तोंडावर मारू! काय चुकलं माझं?

तर तांडेल उठला, फोन हौसाच्या हातात दिला, आणि म्हणाला, "पुण्याला व्हिडिओ हीच काढणार. अन् अशीच काढणार. कोणी बटणाला हात लावलात तर बघा!"

घ्या! म्हणजे पुण्याची मॅच पण कुणी बघायची नाय!