रफीकचाचाचा पेपर

तुमाले रफीकचाचाची गोष्ट सांगितली का मी? अर्थशास्त्रात नापास झाली म्हणून मी उन्हाळ्यात अमरावतीले क्लास लावला होता. माह्या बाजूच्या बेंचवर वरूडचे संत्र्याचे व्यापारी रफीकचाचा बसत. लेकीचं लग्न झाल्यावर त्यायनं अर्धवट राहिलेलं बीए पूर्ण करायचं ठरवलं होतं.

सरनं फळ्यावर मागणी-पुरवठ्याचा आलेख काढला का तो माह्या डोक्यावरून जाय. मग चाचा हळूच विचारत, "बेटी, मंडीत एकाच दिवशी लय संत्रा आला, तर भावाचं काय होईन?"

"पडन."

"काहून?"

"घेणारे तेवढेच, अन् माल जास्त."

"झालं! सर हेच काढून राहिले."

दोन महिने त्यायनं मले असंच शिकवलं. निकाल लागला तर मी पास अन् चाचा नापास! मले रडूच आलं. लगेच फोन लावला. "चाचा, असं कसं झालं?"

चाचा खळखळून हसले. "बेटी, पयलाच प्रश्न होता, बाजारात भाव कसा ठरते. तीस वर्षांचं सारं लिहून काढलं. दुसऱ्या प्रश्नाले हात लावणार, तर मास्तरनं पेपरच ओढला!"