डबा पाठवू नकोस, मालन

हॅलो?… हो, आगाशीच. आत्मारामशेठचं दुकान… मीच बोलतेय, प्रेमला. द्या हो बाई जोडून, इथे गिऱ्हाइकं खोळंबलीत… हॅलो, मालन?… हो, निरोप मिळाला म्हणून तर धावत आले. हाताला पीठ आहे अजून.

नाही, पाय आहे गं. आहे म्हणते ना… रडू नकोस. ताई सांगते ते ऐक, ट्रंक कॉलवर रडून काय मिळणार?

हो, ह्यांना वसईच्या हॉस्पिटलात ठेवलंय… तेच, वालीवच्या कारखान्यातून येताना. नवी चप्पल नाल्यात पडली, तर हे उतरले तिच्या मागोमाग. तळव्यात पत्रा घुसला… मिळाली ना. चप्पल ठणठणीत आहे.

मग काय, आधी घरीच केलं. तू पाठवलेल्या डब्यातली लाल-काळी कॅप्सूल फोडली आणि पावडर जखमेवर घातली. नंतर पिवळी… हो, पोटातही दिली. सूज उतरली तशी बंद केली. चांगलं औषध उगाच कशाला संपवायचं?… मग परत सुजला. मग परत दिली… अगं, तू काय वेगळं करतेस?

ऐक ना. डॉक्टर ॲन्सेल्मनी जखमेतला पू घेतला आणि मुंबईला तपासायला धाडला. तिथे म्हणे बशीत जंतू वाढवतात… हो, मुद्दाम. आपण विरजण लावतो तसं. आणि त्यांच्यावर एकेका औषधाची टिकली ठेवतात. औषध लागू पडलं की टिकलीभोवतीची जागा मोकळी दिसते… आमचे? आमचे जंतू टिकल्यांना चिकटून बसले होते. सगळ्या टिकल्यांना. एक सोडून… एकच. तेच इंजेक्शन चालू आहे आता. तेही नाही चाललं तर पाऊल काढावं लागेल म्हणाले.

…हो. ऐकलं आणि मागे न बघताच टेकले. तिथल्या बाकड्यावर कुणाची तरी पिशवी होती, तिच्यावरच बसले. आत टोमॅटो होते.

अगं, कशामुळे काय? त्या नाल्यात वरच्या अंगाला कारखान्यांचं पाणी सोडलंय, एका दवाखान्याचंही सोडलंय. त्या पाण्यात औषधं मिसळलेली, म्हणून तिथले जंतू आधीच निर्ढावलेले. त्यांना आपण घरी आणून रोज वेगळं वेगळं खाऊ घातलं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही नुसतं चाखवत राहिलात… आता कसं सांगू तुला? मळ्यातलं बुजगावणं घे. पहिल्या दिवशी कावळे घाबरतात. मग कळतं, हा काही हलत नाही. की त्याच्याच डोक्यावर बसून आपली केळी खातात. हां, तसं.

नाही गं, तुला बोल लावत नाही… तुझे मिस्टर औषध कंपनीत, त्यांना सॅम्पल मिळतात, तू प्रेमानं बिस्किटाच्या डब्यात भरून पाठवतेस. सगळं कबूल. पण आता पाठवू नकोस… अगं, आळीला काय सांगायचं ते माझं मी बघते. दुपारी वाटीभर साखर मागायला यावं तशा बायका यायच्या. लाल-काळी तापाला, पिवळी जुलाबाला. सुभद्राकाकूंच्या दाढेला दोन्ही. माझ्याशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं. आता काकू म्हणतात, मग तुझ्याकडे यायचं तरी कशाला?

पानवेलीचं?… तुला कुणी सांगितलं?… हो, घातल्या. वेलीची मुळं कुजायला लागली म्हणून ह्यांनी मूठभर कॅप्सूल कळशीत कालवून वाफ्यात ओतल्या… नाही जगली. मी डॉक्टरांना तेही सांगितलं. म्हटलं, लपवायचं कशाला. ते कितीतरी वेळ चष्माच पुसत बसले.

अं? कोण?… ऑपरेटरबाई, तीन मिनिटं झाली? हो, वाढवा, वाढवा… काय झालं?… कान फुटलाय तुमचा? अरेरे. पण घरात उरलेलं काही घालू नका हो, डॉक्टरांना दाखवा… कुठल्या रंगाची आहे?… नाही बाई, मी आता रंग विचारत नाही आणि सांगतही नाही. बंद केलं मी ते. तुम्ही फोन वाढवा.

हॅलो… आहेस ना? काही नाही, त्यांचा कान.

हो, उतार पडतोय. काल ताप नव्हता. दोन वाट्या भात जेवले आणि वर लोणचं मागितलं… आनंद कसला? मला तर धास्ती वाटते. ह्यांना बरं वाटलं की औषध संपलं, घरात हीच रीत. डॉक्टरांनी बजावलंय, बरं वाटो न वाटो, सगळी इंजेक्शनं झाली पाहिजेत. अर्ध्यात सोडलं तर जंतू हेही पचवतील, म्हणाले, मग माझ्याकडे दुसरं काही नाही… शपथ? घेतली ना ह्यांच्याकडून, वज्रेश्वरीची घेतली. वर ह्यांचे कपडेही घरी घेऊन आले. हॉस्पिटलच्या पट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यात माणूस जाऊन जाऊन कुठे जाईल?

तू रविवारी ये. मोसंबी आण, दुसरं काही नको… थांब जरा. वसईची एसटी आली समोर, काही ऐकू येत नाही… थांब गं…

मालन, पट्ट्यापट्ट्याचा लेंगा उतरतोय.

अहो… अहो, उतरू नका. पाऊल खाली टेकू नका, आधी सांगते… कंडक्टर, हीच गाडी परत वसईला जाणार ना? मग ह्यांना बसू द्या आतच… काय म्हणतायत?… बरं वाटतंय म्हणे, मालन. अगदी बरं वाटतंय. सुया घ्यायचा कंटाळा आला.

नाही हो, घरी नाही. चहाही नाही. संध्याकाळचं इंजेक्शन आहे तुमचं… मोडलेली शपथ देवी समजून घेईल, पाय नाही घ्यायचा… आत्मारामशेठ, घरी सांगा, कणीक झाकून ठेवा म्हणावं.

मालन, मी पण चढते ह्याच गाडीत. शेवटची सुई टोचेपर्यंत तिथेच बसणार, ह्यांची कॉलर धरून… अगं, चिडलेली नाही मी. घाबरलेय. मला हा माणूस अख्खा हवाय. ठेवते.