शीर कापलेले आप्पा

(नांदेडचा एक दवाखाना. खाटेवर मुखेडचे रामलिंगआप्पा, डोळे पिवळेजर्द. शेजारी बायको शिवकन्या. डॉक्टर धम्मप्रिया तपासत आहेत.)

धम्मप्रिया : शौचाला काळं होतंय, हे लपवलंत कशाला आप्पा?

रामलिंग : लपिवलं न्हाई म्याडम. म्या बेफिकीर होतो. अल्सर झाला तवा जवानीतच लातूरच्या डॉक्टरनं पोटात ॲसिड सोडायला लावनारी शीर कापली. ॲसिड कमी होईल म्हनले. तवापासून ठेचा म्हनू नका, खार म्हनू नका, समदं बिनघोर हानलं. माझं पोट म्हंजी पोलीस नसलेलं गाव!

शिवकन्या : अन् दरोडेखोर हेच.

धम्मप्रिया : ॲसिड कमी झालं, खरंय. पण पित्ताच्या नळीत खडा अडकून ही कावीळ झालीय. अशा काविळीत जठराचं अस्तरच दुबळं होतं. थोडंसं ॲसिडही त्याला सोसत नाही. तिथूनच रक्त जातंय.

रामलिंग : म्हंजी शीर फुकटच कापली?

धम्मप्रिया : फुकट नाही. पण आता तिच्या भरवशावर राहू नका. आजच दुर्बीण घालून खडा काढायचा.

रामलिंग : आज नगं. उद्या आइतवार.

धम्मप्रिया : मग?

शिवकन्या : काविळीची माळ देत्यात न्हवं हे! आइतवारी दारात ही गर्दी. माळ डोक्यात घालायची, ती सैल होऊन खाली उतरली की कावीळ उतरली. ह्यांनी सोताला बी घातली, अन् आरशासमोर बसून राहिले.

रामलिंग : उतरली की! गुडघ्यापत्तुर आली.

शिवकन्या : हाव. माळ खाली, कावीळ वर.

रामलिंग : माझ्याच काविळीनं मला ओळखलं न्हाई, म्याडम. काय ही इज्जत!

शिवकन्या : मस्करी ऱ्हाऊ द्या. सकाळी गावातल्या धोंडाबाईचा फोन आला. तिची सून मंजुश्री पोटुशी हाय, डोळे पिवळे झाल्यात. आप्पा आले की माळ घालू म्हनली. तवर थांबती.

धम्मप्रिया : थांबू नका म्हणावं! गरोदरपणात कावीळ जिवावर बेतते. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.

शिवकन्या : माझं ऐकायची न्हाई ती. ह्यांच्यावर लई भरवसा तिचा.

रामलिंग : फोन लाव. दे इकडं... धोंडाबाई, म्या रामलिंग. माळबिळ काई न्हाई. पोरीला घेऊन गाडीत बस, सरळ दवाखान्यात जा... अगं, म्या सोताच दवाखान्यात पडून हाय! माझी माळ मलाच लागली न्हाई. हाव, सांग समद्यायला... निघ आधी.

शिवकन्या : आता गावभर हसतील तुमाला.

रामलिंग : हसू दे. जिते ऱ्हायले तरच हसतील ना.